विहिरीवरचा आंबा

सुलास्मी : दार नाही उघडणार, बू. तुम्ही खिडकीशी या, तिथून बोलू.

विनार्ती : खिडकीलाही चिंध्या कोंबल्यात तुम्ही. माझा आवाज तरी नीट येतोय का?

सुलास्मी : येतोय. चिंध्या काढायला सांगू नका. परवा बोटभर फट राहिली होती, तर अकरा अळ्या आल्या आत. एक तर उशीवर होती, बागसच्या कानाजवळ.

विनार्ती : बागस म्हणजे तुमचं बाळ?

सुलास्मी : हो. आज एकोणतिसावा दिवस.

रुकेमी : कोण आहे गं बाहेर? कुठल्या बाईला बू बू म्हणतेस?

सुलास्मी : शेतकी खात्याच्या बाई आहेत, माक. विनार्ती नाव सांगतात. अळ्या बघायला आल्यात.

रुकेमी : बघायला? सहा दिवस सगळं गाव खाजवतंय, आणि यांना आज बघायला सवड झाली. विचार, बरोबर काय आणलंय.

विनार्ती : भिंग आणलंय, माक. चिकटपट्टी आणलीय, आणि साबण.

रुकेमी : साबण. ऐकलंस ना, सुलास्मी? माझ्या मुलाने औषध मारलं तरी त्या संपेनात, आणि ह्या आता त्यांना आंघोळ घालणार.

सुलास्मी : माक, जरा गप्प बसा. बू, त्यांचं मनावर घेऊ नका, सकाळपासून चिडचिड चाललीय त्यांची. मी माक म्हणते, पण आई नव्हेत, सासूबाई आहेत माझ्या. नवरा घरी नाही.

विनार्ती : असू दे. तुम्ही मला पहिल्यापासून सांगा. कधी दिसल्या, कशा दिसल्या?

सुलास्मी : गेल्या बुधवारी. मी विहिरीजवळ बाळाचे कपडे वाळत घालत होते. खांद्यावर काहीतरी पडलं, मी न बघता झटकलं, तर मानेची अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. वर पाहिलं तर आंब्याची फांदी हलत होती. वारा नव्हता, बू. फांदीची सालच सरकतेय असं वाटलं. मी मिस्नादीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली. तो म्हणाला, दोनचार अळ्या असतील, बाळंतीण बाईला सगळंच मोठं दिसतं. शुक्रवारी झाडावर पान उरलं नाही. मग त्या खाली उतरल्या. भिंत काळी झाली आमची. कौलांवर चढायच्या आणि टप टप खाली पडायच्या, दिवसभर. शेजारचे पाक तोहा घराला कुलूप लावून मुलीकडे निघून गेले. आम्ही कुठे जाणार? बाळाला पाजताना मी त्याच्याकडे बघतच नाही, वर आढ्याकडे बघते. परवा डोळा लागला माझा, आणि जाग आली तर ती उशीवर.

विनार्ती : भीती वाटणारच. मलाही ह्या वाटेने येताना मान आखडून चालावं लागलं. पण एक सांगते. मी आता भिंतीवरची एक भिंगाखाली बघितली. ही आंब्याची पानं खाणारी केसाळ अळी आहे. ती चावत नाही. तिच्या तोंडाला माणूस लागत नाही. जी आग होते ती तिच्या केसांनी होते. केस तुटून कातडीत रुततात आणि खाज सुटते. दोनेक आठवड्यांत ती कोष करते आणि खाणं थांबवते. झाडही मरत नाही, पुन्हा पालवी फुटते.

रुकेमी : एवढं सोपं असतं तर गाव रडलं नसतं. मी एकसष्ट वर्षांची आहे. ह्या आंब्याखाली लग्न होऊन आले मी. असं कधी पाहिलं नाही. डोंगर फुटून राख पडली त्या वर्षी नाही, पूर आला त्या वर्षी नाही. मी मिस्नादीला म्हणाले, मूल झालं, सात दिवसांनी चार शेजाऱ्यांना जेवायला बोलाव, दुवा मागून घे. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात. घ्या आता. न बोलावलेले पाहुणे आले.

विनार्ती : माक, पूर्वी ह्या झाडावर तांबड्या मुंग्या होत्या का? पानं शिवून घरटं करतात त्या?

रुकेमी : होत्या म्हणजे? झाडाला हात लावायची सोय नव्हती. आंबे काढताना अंगाला राख फासायला लागायची.

विनार्ती : आणि आता?

रुकेमी : आता कुठल्या? मिस्नादी सगळी घरटी उतरवतो. अंडी काढतो त्यांची. गाणाऱ्या पक्ष्यांना घालायला लोक घेतात, शहरातून माणूस येतो न्यायला. ह्या गावात त्याच्याइतक्या सफाईने घरटी कोणी उतरवत नाही. बांबूच्या टोकाला टोपली बांधतो आणि एक मुंगी अंगावर घेत नाही.

विनार्ती : सगळ्या गावाच्या झाडांवरची?

रुकेमी : हो, आणि पलीकडच्या गावाचीही. का?

विनार्ती : लहान अळ्या त्या मुंग्या खायच्या, माक. पोतीच्या पोती.

रुकेमी : म्हणजे माझ्या मुलाने आणल्या ह्या?

विनार्ती : असं मी म्हटलं नाही. यंदा उन्हाळ्यातही पाऊस थांबला नाही, तेही कारण आहे. पक्षी राहिले नाहीत, तेही आहे. एकट्या माणसाचं हे काम नाही.

सुलास्मी : बू, बाळाच्या मानेवर पुरळ आलंय. दोन दिवस झाले. रडून रडून आवाज बसलाय त्याचा. ते केस आत गेले असतील तर श्वासाला काही होतं का?

विनार्ती : बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. मागचं दार आहे ना? मी उंबऱ्यावरच्या अळ्या झाडूने बाजूला करते, अंगावरचा कोट बाहेरच ठेवते आणि पटकन आत येते. तुम्ही दहा मोजा आणि उघडा. माझ्यामागे एकही आली तर मी स्वतः उचलून बाहेर टाकीन.

सुलास्मी : माक, उघडू?

रुकेमी : उघड. आत येऊन बघू दे तिचं शहाणपण. मला उठवत नाही, नाहीतर मीच उघडलं असतं.

सुलास्मी : या. लवकर. पाय झटका. ती चिंधी परत लावते मी, हात नका लावू.

विनार्ती : लावा तुम्ही सावकाश. आणा बागसला. अरे, केवढी मूठ आवळलीय याने. हे बघा, पुरळ एकाच बाजूला आहे, उशीच्या बाजूला. श्वास मोकळा आहे, छातीत घरघर नाही. आता बघा, चिकटपट्टीचा तुकडा असा हलकेच टेकवायचा आणि उचलायचा. चोळायचं नाही. पुन्हा नवा तुकडा. उजेडात धरा ही पट्टी. दिसतायत?

सुलास्मी : बारीक कुसळं. सोनेरी.

विनार्ती : हेच ते. उशीचा अभ्रा उकळत्या पाण्यात टाका. मानेला साबण लावून धुवा आणि थोडं खोबरेल लावा. उद्यापर्यंत उतरेल.

सुलास्मी : थांबला रडायचा. माक, बघा, थांबला.

विनार्ती : झाडाचंही असंच आहे. बुंध्याला गोणपाट गुंडाळायचं, त्याला वंगण फासायचं. वर चढणाऱ्या तिथेच अडतात. खालच्या अळ्या झाडूने लोटून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातात पिशव्या घालायच्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. घाण काम आहे, पण त्याने माणसाला काही होत नाही. एक विचारायचं होतं. झाडाखाली मेलेल्यांचा ढीग पाहिला मी. लोटून ठेवलाय कोणीतरी. आणि जमीन ओली आहे. पाऊस तर परवापासून नाही.

सुलास्मी : मिस्नादीने औषध मारलं ना. आज पहाटे, उजाडता उजाडता. पाठीवरचा पंप घेऊन शिडीवर चढला होता. माक म्हणाल्या ना मघाशी.

विनार्ती : मी ऐकलं होतं. मला वाटलं, दुकानातून आणलेलं काही साधं असेल. कुठलं औषध?

सुलास्मी : बुआरीकडचं. त्याचा कांदा आहे वेशीपलीकडे. तो म्हणाला, कांद्याची अळी ज्याने मरते त्याने काहीही मरेल. अर्धी बाटली दिली. संपली म्हणून मिस्नादी आणखी आणायला गेलाय, दुपारी पुन्हा मारणार.

विनार्ती : बाटली कुठेय?

सुलास्मी : ही काय, चुलीमागे. त्यावर कागद नाही. पाण्याची बाटली आहे, बुआरीने ओतून दिलं त्यात.

विनार्ती : उघडू नका. द्या इकडे. लसणीसारखा वास येतोय बाहेरूनसुद्धा. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं झालं होतं?

सुलास्मी : हो, अगदी दुधासारखं. का? तुमचा चेहरा का असा झाला, बू?

विनार्ती : फांद्या विहिरीवर आहेत. विहिरीला झाकण नाही. मी येताना पाहिलं. पंप त्याने कुठे धुतला?

सुलास्मी : विहिरीच्या कठड्यावर. नेहमी तिथेच धुतो.

विनार्ती : त्यानंतर पाणी कोणी काढलं? नीट आठवून सांगा. घाई करू नका, पण नीट आठवा.

सुलास्मी : मी नाही काढलं. मी बाहेर जातच नाही. कालचं उकळलेलं पाणी मडक्यात आहे, तेच पिते मी. माक काढतात पाणी. सकाळी काढलं त्यांनी. दोन बादल्या. एक स्वयंपाकाला आणि एक. बू, एक बागसच्या आंघोळीची. माक रोज त्याला आंघोळ घालतात उन्हं आल्यावर. आजही नेलं होतं त्याला मोरीत. मी ऐकलं पाणी ओतलेलं. माक, तुम्ही त्याला आंघोळ घातली ना? त्याच्या तोंडात गेलं का? डोळ्यांत गेलं का? माक, बोला ना काहीतरी.

रुकेमी : नाही घातली.

सुलास्मी : मी आवाज ऐकला पाण्याचा.

रुकेमी : ओतून दिलं मी ते. वास येत होता. तोंड पुसलं त्याचं कोरड्या फडक्याने आणि आणून दिला तुझ्याकडे. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू मिस्नादीला बोलली असतीस, आणि तो बिचारा अंधारात उठून शिडीवर चढला होता.

विनार्ती : एक थेंबही लागला नाही बाळाला?

रुकेमी : मी आजी आहे त्याची. एक थेंब नाही.

विनार्ती : आणि तुम्हाला?

रुकेमी : मला काय धाड भरलीय?

विनार्ती : माक, तुम्ही मघाशी म्हणालात, उठवत नाही. का उठवत नाही?

रुकेमी : वय झालं. पाय थरथरतायत.

विनार्ती : तो मेलेल्यांचा ढीग कोणी लोटला?

रुकेमी : मीच. झाडू पुरेना, मग हातांनी गोळा केल्या. सूनबाईला दिसायला नकोत म्हणून.

विनार्ती : उघड्या हातांनी. आणि काही प्यालात? दुसऱ्या बादलीतलं?

रुकेमी : कॉफी केली होती. त्या पाण्याला तेवढा वास नव्हता, पहिल्या बादलीला होता. आणि मी चांगलं खळखळून उकळलं होतं. उकळल्यावर काय राहतंय?

विनार्ती : उकळल्याने हे जात नाही, माक. माझ्याकडे बघा. उजेडाकडे तोंड करा. सुलास्मी, यांचे डोळे बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. घाम किती आलाय हा. माक, तोंडात लाळ सुटतेय का सारखी?

रुकेमी : सकाळपासून. मला वाटलं, पित्त. आणि तुम्ही दोघी धुरकट दिसताय मला. चुलीचा धूर असेल.

सुलास्मी : चूल पेटवलेली नाही, माक.

विनार्ती : सुलास्मी, घाबरू नका, मी सांगते तसं करा. मडक्यातलं कालचं पाणी आणा सगळं, आणि माझा साबण. यांचं लुगडं, पोलकं सगळं काढायचं, त्यात औषध मुरलंय. हात खांद्यापर्यंत धुवायचे. उलटी करायला लावायची नाही. ही बाटली बरोबर न्यायची, डॉक्टरांना दाखवायला. आमच्या खात्याची गाडी वळणावर उभी आहे, ड्रायव्हर आहे तिथे. माक, कुशीवर वळा. माक? पडतायत त्या. धरा, सुलास्मी, डोकं धरा खालून. सुलास्मी?

सुलास्मी : मला नाही. मला नाही जमणार. बागस, चल. चल.

विनार्ती : कुठे निघालात? सुलास्मी, अंगावर चादर तरी घ्या, फांदीखालून जावं लागेल. अहो.

रुकेमी : जाऊ दे तिला.

विनार्ती : बोलू नका, माक. श्वास घ्या. माझ्याबरोबर. एक. पुन्हा. मी आहे इथे, मी नाही जात कुठे. घ्या श्वास.

(आठ दिवसांनी, दुपारी. तेच घर.)

रुकेमी : पेज खारट झालीय.

सुलास्मी : दवाखान्यात तुम्ही म्हणत होतात, सगळं अळणी लागतं.

रुकेमी : तेव्हा जिभेला चवच नव्हती. किती सुया टोचल्या गं त्यांनी मला?

सुलास्मी : पहिल्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी एक. मी मोजायचं सोडून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाटली आणली म्हणून वेळ वाचला, काय टोचायचं ते लगेच कळलं. आणखी तासभर घरी पडून राहिल्या असत्या तर छाती बंद पडली असती म्हणाल्या. पहिल्या दिवशी तुम्ही मला ओळखत नव्हतात. मला बघून पलीकडच्या खाटेवरच्या बाईला विचारलंत, ही कोणाची पोरगी, रडतेय का.

रुकेमी : आणि बागस?

सुलास्मी : त्यालाही तपासलं, दोनदा. मलाही. काही नाही निघालं. पुरळ दुसऱ्याच दिवशी गेलं. तरी मी त्याच्या तोंडाला नाक लावून वास घेते अजून. झोपला की घेते, उठला की घेते. पाण्याचा तर प्रत्येक पेला हुंगते.

रुकेमी : विहिरीचं काय केलं?

सुलास्मी : बू विनार्तींनी पाण्याची बाटली भरून नेली तपासायला. तोवर विहिरीवर पत्रा टाकून दगड ठेवलेत. पाणी मशिदीच्या नळावरून आणतो आम्ही. विहीर उपसावी लागेल, दोनतीनदा, मग पुन्हा तपासतील. बुआरीकडेही गेल्या होत्या त्या. त्याच्या घरात तसल्या बिनकागदाच्या सात बाटल्या निघाल्या. एक तर तेलाच्या शेजारी होती. त्याच्या बायकोने हाय खाल्ली.

रुकेमी : आणि अळ्या? आवाज नाही येत कौलांवर.

सुलास्मी : बऱ्याचशा मेल्या. उरलेल्यांनी वळचणीला कोष केलेत. गावातल्या बायकांनी चार दिवस झाडू घेऊन काम केलं, हाताला पिशव्या बांधून. मीही गेले दोन दिवस. पहिली बादली मला ओतवेना, माक. शेजारच्या बाईने हात धरला तेव्हा कुठे ओतली. भीती गेली असं नाही म्हणणार मी. पण हात चालतो.

रुकेमी : मिस्नादी कुठाय?

सुलास्मी : बाहेर, ओट्यावर. तुम्हाला आणल्यापासून आत आलेला नाही. जेवतो तिथेच, झोपतो तिथेच. मी काही बोलले नाही त्याला, खरंच नाही. बोलायचं होतं, पण त्याचं तोंड बघून राहून गेलं. बू त्याला म्हणाल्या, घरटी उतरवायची तर दर झाडावर दोन राहू दे. दुसऱ्या दिवशी बांबू आणि टोपली घेऊन नदीकाठी गेला आणि तीन जिवंत घरटी घेऊन आला, आंब्याला बांधली. हात सुजलेत मुंग्या चावून चावून. तेलही लावून घेत नाही.

रुकेमी : रात्री पाठव त्याला माझ्याकडे. मी लावीन.

सुलास्मी : माक, एक सांगायचंय.

रुकेमी : सांग.

सुलास्मी : दवाखान्यात सगळे म्हणत होते, सून धावली म्हणून सासू वाचली. ड्रायव्हरनेही सांगितलं सगळ्यांना, तान्हं मूल पोटाशी धरून, अंगावर अळ्या झेलत ती माझ्याकडे आली. काल पाक तोहा परत आले, तेही म्हणाले, अशी सून मिळायला पुण्य लागतं. मी गप्प बसले. दर वेळी गप्प बसले.

रुकेमी : मग?

सुलास्मी : मी गाडीसाठी नव्हते धावले. मला गाडी आठवलीच नाही. बू म्हणाल्या, डोकं धरा, आणि तुमचे हात औषधाने ओले असतील असं माझ्या मनात आलं, आणि मी बागसला उचललं. मला फक्त लांब जायचं होतं. तुमच्यापासूनसुद्धा. वळणावर गाडी उभी होती म्हणून ती दिसली. वळणावर ती नसती तर मी थेट नदीपर्यंत गेले असते.

रुकेमी : ठाऊक आहे मला.

सुलास्मी : कसं? तुम्ही तर बेशुद्ध होतात.

रुकेमी : कुठली बेशुद्ध? धुरकट दिसत होतं, पण दाराचा उजेड दिसत होता, आणि त्यात तू. मदत आणायला जाणारं माणूस एकदा तरी मागे बघतं. तू नाही बघितलंस. ती बाई तुला हाका मारत होती. मी म्हटलं, जाऊ दे तिला. तुम्ही मायलेकरं बाहेर पडलात, मग डोळे मिटले.